सात आकड्यांचं जहाज

बद्रीभाऊ दुधाची पिशवी घेतानासुद्धा तारीख दोनदा वाचतात. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात. मूळचे यवतमाळकडचे. वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी बघितलं, असं ते सांगतात. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. समुद्रापासून इतक्या लांबचा माणूस जहाजावर कशाला जाईल?

शिवाय माझ्या विषयात नाक खुपसायचे. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. जहाजांनी खंड जोडले, मिरी-दालचिनीच्या लोभाने निघालेल्या जहाजांमुळे राज्यं उलथली, हे फळ्यावर नकाशा काढून सांगितलं. बद्रीभाऊंचं म्हणणं, "बाई, तुमच्या धड्यात कप्तानाचं नाव असते. खाली इंजिनपाशी राबणाऱ्याला तर जहाज कोणाचं हाये, हेही माहीत नसते." ते परीक्षेला विचारत नाहीत, असं मी सांगितलं आणि विषय मिटवला.

माझी मुलगी शेफाली मेकॅनिकल डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसली होती. सदाशिव पेठेतल्या एका एजंटाने तिला परदेशी मालवाहू जहाजावर ट्रेनी म्हणून लावून द्यायचं कबूल केलं. हे ऐकताच बद्रीभाऊंनी प्रश्नांचा भडिमार केला. मालक कोण, झेंडा कुठल्या देशाचा, पगार कोण देणार. त्यांचा मुलगा योगेश अजून नोकरी शोधतोय, तेव्हा यांच्या पोटात दुखत असणार, अशी माझी खात्री झाली. सगळं पक्कं होईपर्यंत खाली एक अक्षर बोलायचं नाही, असं मी शेफालीला बजावलं.

गुरुवारी नेमणुकीचं पत्र आलं. शुक्रवारी सकाळी एजंटाकडचं काम उरकलं आणि दुपारी पेढे घेऊन आम्ही दोघी खाली गेलो. खरं सांगते, मी त्यांची जिरवायलाच गेले होते.

त्यांनी पेढा बाजूला ठेवून पत्र मागितलं. जहाजाच्या नावाकडे धड पाहिलंही नाही. त्याखालच्या सात आकडी नंबरावर मात्र त्यांचं बोट थांबलं. मग पत्र उलटं ठेवून त्यांनी ते आकडे ओळीने म्हणून दाखवले.

शेफालीचा चेहरा खुलला. "म्हणजे काका, जहाज खरं आहे ना?"

"खरं हाये. नाव नवं, झेंडा नवा. नाव रंगवता येते पोरी, नंबर नाही बदलत. तो लोखंडात कोरलेला असते."

याच जहाजावर ते अकरा महिने अडकले होते. एका परक्या बंदराबाहेर मालकाने त्यांना वाऱ्यावर सोडलं आणि फोन उचलणं बंद केलं. किनाऱ्यावर कोणी उतरू देईना. डिझेल संपलं, मग भाजी संपली. ताडपत्रीवर साठवलेलं पावसाचं पाणी पिऊन दिवस काढले. रत्नागिरीचा एक सोबती तापाने गेला. पळून तरी कुठे जाणार, सगळ्यांचे पासपोर्ट मालकाच्या माणसाने आधीच नेले होते. हे सगळं ते अगदी सपाट आवाजात सांगत होते.

"पासपोर्ट घरी हाये ना?" त्यांनी विचारलं.

शेफालीने माझ्याकडे पाहिलं. सकाळी मीच तिला एजंटाकडे घेऊन गेले होते. त्याने पासपोर्ट ठेवून घेतला, आणि पावती मागायचा मला संकोच वाटला. ज्यांच्यापासून इतके दिवस लपवलं, त्यांनाच आता हे सांगावं लागलं.

बद्रीभाऊंनी शर्ट चढवला, चपला पायात सरकवल्या.

"बाई, स्कूटर काढा," ते म्हणाले. "त्यानं ऑफिस बंद करायच्या आत पोचू."