अथेन्सला चपला नकोत

सिस्टरांबरोबर चढ चढताना गप्प राहायला बंदी होती. वेलिंग्टनमध्ये चढ शोधत जावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं म्हटलं तरी निम्मा डोंगर चढून होतो. बाकीची माणसं अशा वेळी मान खाली घालून, वाऱ्याला शिव्या देत, तोंड मिटून चढतात. सिस्टर पहिल्याच पायरीला बोलायला सुरुवात करत आणि आपल्यालाही बोलायला लावत. साहेबाला नावं ठेवा, आमटीची कृती सांगा, काय वाटेल ते बोला, पण बोला. "वाक्य पुरं होतंय तोवर चालायचं. वाक्य तुटलं की थांबायचं," एवढाच त्यांचा नियम. पायऱ्या मोजायला तर सक्त मनाई. कोणी मनातल्या मनात मोजतोय असा संशय आला की त्या मुद्दाम मध्येच काहीतरी विचारून त्याचा आकडा चुकवत.

त्या मूळच्या मिरजेच्या. नर्सिंग तिथेच शिकल्या आणि लग्नानंतर न्यूझीलंडला आल्या. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं, हे हॉस्पिटलातलं त्यांचं काम. त्यामुळे वेलिंग्टनमधल्या आम्हा मराठी मंडळींत त्या सगळ्यांच्याच सिस्टर. डॉक्टर लोकही त्यांना सिस्टर म्हणत, आणि चिडवायचं असलं की त्यांचा नवराही.

दुसरा त्यांचा अधिकार अथेन्सवर होता. तो कसा मिळाला ते त्या स्वतःच सांगत, आणि त्यांच्या तोंडून ती गोष्ट ऐकण्यात मजा होती. पुण्याच्या जावेने पॅरिसच्या मनोऱ्यासमोर साडी नेसून काढलेला फोटो पाठवला होता. त्याला उत्तर म्हणून सिस्टर ऐन ऑगस्टात, भर दुपारी, हिरवी पैठणी नेसून आणि पायात कोल्हापुरी चपला घालून अथेन्सच्या त्या देवळांच्या टेकडीवर, अक्रोपोलिसवर निघाल्या. तिथला संगमरवर शतकानुशतकं माणसांच्या पायांनी घासून आरशासारखा झालेला. वरच्या दारापर्यंत पोचायच्या आतच चप्पल घसरली आणि मनगट मोडलं. पुढची सगळी सुट्टी तिथल्या इस्पितळात गेली. त्या इस्पितळाच्या गॅलरीतून लांबवर टेकडी दिसायची. "पार्थेनॉन मी पाहिलंय," त्या सांगत. "प्लास्टरमध्ये हात घालून, पैठणीवर इस्पितळाचा झगा चढवून." त्यांची मुलगी तेवढ्यात म्हणायची, "मम, नॉट द ग्रीस स्टोरी अगेन!" आणि सिस्टर म्हणत, "तू गप. काकांनी ऐकली नाहीये." काकांनी चारदा ऐकलेली असे.

पण हसण्यावारी नेऊन त्या थांबल्या नाहीत. आपली जी फजिती झाली ती दुसऱ्या कुठल्या मराठी माणसाची होऊ द्यायची नाही, असा त्यांनी चंग बांधला होता. कोणी युरोपला निघालाय असं कळलं की त्या त्याला गाठत. "जुलै-ऑगस्टात जायचं नाही. एप्रिल, नाहीतर ऑक्टोबर. दार उघडायच्या आधी दारात उभं राहायचं, नंतर बोटीवरच्या टुरिस्टांच्या झुंडी येतात. मोठ्या दाराने जायचं नाही. दक्षिणेकडून, जुन्या नाट्यगृहाच्या बाजूने चढायचं, तो चढ सोसतो. रबरी तळाचे बूट. चपला नकोत. टोपीला नाडी हवी. तिकीट टाकून द्यायचं नाही, त्याच्यावर खालचेही अवशेष बघता येतात. मेट्रोत शिरताना तिकिटावर मशीनचा शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असून दंड. पिशवी पाठीवर नाही, पोटावर. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. दुपारी ते लोक झोपतात, आपणही झोपायचं. देवळाला परांची बांधलेली असणारच, त्यावर रुसायचं नाही. आणि संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, त्यांचे पाइप बारीक आहेत." हा शेवटचा सल्ला त्या हमखास गणपतीच्या जेवणात, श्रीखंड वाढता वाढता देत.

माझे बाबा साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे. ग्रीस हा त्यांचा हातखंडा विषय. खडूचा तुकडा घेऊन पार्थेनॉनचं तोंड, त्याचे आठ खांब आणि वरचा त्रिकोण ते असा झरझर काढत की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बघत राहत. निवृत्तीनंतर एकदा तिथे जायचं, हे त्यांनी आयुष्यभर ठरवून ठेवलं होतं. निवृत्त झाले आणि बायपास झाली. पुण्यात ऑपरेशन उत्तम झालं, पण बाबा त्यातून उठले नाहीत. म्हणजे हिंडते-फिरते होते, पण भिऊन. मी त्यांना आणि आईला हवापालटासाठी वेलिंग्टनला आणलं तर आमचं घर निघालं रस्त्याच्या खाली. वर रस्त्यावर यायला लाकडी जिना. आल्या दिवशी बाबा तो जिना उतरले आणि नंतर वर चढायचं नावच घेईनात. खिडकीशी खुर्ची टाकून बंदर बघत बसत. आई मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "अरे, हे असेच बसून संपणार." मला बाबांची तशी काळजी कधी वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली.

मी सिस्टरांना फोन केला. शनिवारी सकाळी त्या जिना उतरून आल्या, चहा प्यायल्या आणि बाबांना म्हणाल्या, "सर, मला ग्रीस शिकवा. मी नुसती पडून आलेय, काही कळलं नाही."

बाबा खुलले. "बसा ना, सांगतो."

"बसून नाही. चढत चढत."

"मला दम लागतो, सिस्टर."

"लागू दे. मला तोच ऐकायचाय."

शिकवायला कोणी मागितलं की मास्तर नाही म्हणू शकत नाही, हे सिस्टरांनी बरोबर हेरलं होतं. बाबा जिन्याशी आले. पण तेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी लगेच पळवाट काढली. "अथेन्स. ही राजधानी. ग्रीसची." तीन पायऱ्या, तीन विश्रांती. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सर, ही पाचवीची वाक्यं झाली. दहावीची बोला."

त्या दिवशी बाबा रस्त्यावर पोचले. वर शेजारचा म्हातारा जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घालून कुत्र्याला फिरवत होता. तो शाबासकी देत म्हणाला, "गुड ऑन या, मेट!" बाबांना वाटलं काहीतरी विचारतोय, म्हणून त्यांनी त्यालाही अथेन्सच्या जुन्या पुढाऱ्याबद्दल, पेरिक्लीसबद्दल, दोन वाक्यं ऐकवली.

मग दर शनिवारी, आणि हळूहळू एरवीही. जिना झाला, गल्लीचा चढ झाला. मी मागून बाबांचा स्वेटर आणि पाण्याची बाटली घेऊन चाले. पुढे सिस्टर आणि बाबा, आणि आमच्या त्या शांत गल्लीत मराठीतून पर्शियन लढाया चाललेल्या. 'कारण' आणि 'परंतु' असलेली वाक्यं सुरू झाली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "स्वीट अ‍ॅज, सर! झकास, दहावी पास. आता कॉलेज."

कॉलेज म्हणजे माउंट व्हिक्टोरिया. तिथे निम्म्या वाटेवर एक दिवस दक्षिणेचा बोचरा वारा सुटला आणि बाबांचं वाक्य मध्येच तुटलं. ते बाकावर बसले. चेहरा पांढराफटक. "नाही जमायचं मला," म्हणाले. "उगाच तुम्ही सगळे माझ्यामागे लागलात. मला घरी न्या." मी घाबरून टॅक्सीला फोन करायला निघालो. सिस्टरांनी मला हाताने थांबवलं, बाबांचं मनगट धरलं, नाडी बघितली.

"सर, दुखतंय की भीती वाटतेय? खरं सांगा."

बाबांनी माझ्या हातातला स्वेटर घेऊन अंगात चढवला. मग म्हणाले, "भीती."

"मग ठीक आहे. दुखलं की उतरायचं. भीती घेऊन चढता येतं. मीसुद्धा इतकी वर्षं जिना उतरताना कठडा धरते, तुम्ही बघितलं नाहीत."

आम्ही दोघांनीही बघितलं नव्हतं. बाबा थोड्या वेळाने उठले. त्या दिवशी आम्ही शिखरावर पोचलो, आणि खालचं बंदर आणि विमानतळ बघून बाबा म्हणाले, "अथेन्सची टेकडी याहून बुटकी आहे, नाही का?" सिस्टर म्हणाल्या, "हीप्स बुटकी! खूपच!" मला त्या क्षणी दोघांचाही फार अभिमान वाटला.

एप्रिलात आई-बाबांना सोडायला मी भारतात जाणार होतो, ते अथेन्सवरून जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी सिस्टर येऊन आमचे बूट उलटे करून तळवे बघून गेल्या. बाबांनी हळूच विचारलं, "वर जायला लिफ्ट आहे म्हणतात?"

"आहे. ज्याला लागते त्याच्यासाठी फार चांगली सोय आहे. तुम्हाला लागत नाही." मग म्हणाल्या, "वर पोचलात की मला फोन. छान आहे, सुंदर आहे असलं काही नकोय. मला एक सबंध वाक्य हवंय."

आम्ही सिस्टरांच्या सांगण्याबाहेर तसूभरही गेलो नाही. दार उघडायच्या आधी दारात होतो, दक्षिणेच्या. पिशव्या पोटावर, टोप्यांना नाड्या. जुनं नाट्यगृह डावीकडे ठेवून आम्ही चढायला लागलो. बाबा बोलत होते, आई हुंकार देत होती. दोनदा थांबलो. वरच्या दाराशी तो घासलेला संगमरवर आला तेव्हा आई म्हणाली, "इथेच पडल्या असतील हो सिस्टर," आणि आम्ही तिघं हात धरून तेवढा भाग ओलांडला.

दारातून आत गेलो आणि पार्थेनॉन समोर आलं. त्याला परांची होती. बाबांनी माझ्याकडे फोन मागितला. वेलिंग्टनला संध्याकाळ झाली होती. पहिल्याच रिंगला सिस्टरांनी उचलला. बाबा ताठ उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे.

"सिस्टर, जे देऊळ मी आयुष्यभर खडूने फळ्यावर काढत आलो आणि तास संपला की स्वतःच्याच हाताने पुसत आलो, ते आज माझ्या समोर..."

आणि वाक्य तुटलं.

फोनमधून सिस्टरांचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू आला. "सर, बसा! आहात तिथे बसा! अरे, फोन घे! नाडी बघ त्यांची!"

मी फोन घेतला. "सिस्टर, ते रडतायत."

"छातीत दुखतंय का विचार."

मी विचारलं. बाबांनी मान हलवली, नाही.

"मग रडू दे," सिस्टर म्हणाल्या. "उभं राहून रडू दे. काही होत नाही." मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "परांची आहे का रे अजून?"

"आहे."

"सांगितलं होतं ना मी!"

तो परांचीसमोरचा बाबांचा फोटो सिस्टरांनी चौकटीत घालून बैठकीत लावला. पाहुण्यांना त्या ग्रीसची गोष्ट तशीच सांगत, फक्त शेवटी फोटोकडे बोट दाखवून म्हणत, "मी पडले, पण माझा पेशंट वर गेला." तुम्ही स्वतः पुन्हा का जात नाही, असं मी एकदा विचारलं. "मला काय करायचंय? एवढं सविस्तर वाक्य ऐकलंय मी," म्हणाल्या.

बाबा साताऱ्याला परतले आणि रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायला लागले. कोणाची बायपास झालेली, कोणाची अँजिओप्लास्टी, असे एकेक जण त्यांना येऊन मिळाले. हा घोळका चढताना सारखा बोलत असतो म्हणून सातारकर त्याला हसतात. कोणाचं वाक्य तुटलं की सगळे बसतात.

निवृत्त झाल्यावर सिस्टर मिरजेला आल्या होत्या, तेव्हा एक दिवस साताऱ्याला आल्या. मीही सुट्टीवर होतो. पुढे त्या ब्रिस्बेनला मुलीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. आमची ती शेवटची भेट. पण मला त्या आठवतात त्या त्या सकाळच्याच.

घोळका चालला होता, सगळे एकदम बोलत होते, आणि मध्ये सिस्टर. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक लपत नव्हतं. किल्ल्याच्या निम्म्या वाटेवर त्या मला मिरजेचं काहीतरी सांगत होत्या आणि वाक्य तुटलं. बाबा पुढे होते, तरी त्यांनी ऐकलं. ते मागे आले.

"सिस्टर, बसा."

मला वाटलं, बाबांचं अथेन्सला झालं तसंच यांचं झालं असेल. बाबांनाही तेच वाटलं असावं, कारण ते हसून म्हणाले, "आमचं कौतुक नंतर करा."

"नाही सर," सिस्टर म्हणाल्या. "हा श्वासच आहे."

आणि उभ्या आयुष्यात कोणाचं न ऐकलेली ती बाई निमूटपणे कठड्यावर बसली. बाबांनी त्यांचं मनगट हातात घेतलं, तेच एकदा मोडलेलं, आणि नाडी बघितली. घोळक्यातले सगळे आजूबाजूला बसले. कोणी घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने सिस्टरांनी मान वर केली आणि समोर बघितलं. "मघापासून बघतेय मी, त्या पिवळ्या स्वेटरवाल्या गृहस्थांना एवढ्या घसरड्या वाटेवर कोल्हापुरी चपला घालून कोणी येऊ दिलं, आणि सर, तुम्ही रोज यांना वर आणता ते नेमकं शिकवता तरी काय?"

बाबांनी त्यांचं मनगट सोडलं आणि उठून उभे राहिले.

"हे कॉलेजचं वाक्य झालं, सिस्टर," ते म्हणाले. "चला."