स्वस्तातला ड्रोन आणि साडूचा प्लॉट

आमच्या ह्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नाही. लग्न झाल्यापासून मी तो त्यांच्या तोंडात कोंबायला बघतेय, पण कुणीही काहीही सांगावं, हे आपले "हो, हो, करू की" म्हणून मोकळे. असल्या माणसाची मला चीड येते. नवरा आहे म्हणून शिसारी म्हणत नाही, पण तिच्या आसपासचंच काहीतरी येतं.

चाकणजवळ निघोज्याच्या फाट्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर नाव माझं, 'जयमाला फोटो स्टुडिओ'. आत काम ह्यांचं, म्हणजे ज्योतीरामांचं, आणि गिऱ्हाइकाशी भांडण परत माझं. कंपनीच्या गेटपासचे फोटो, बारसं, साखरपुडा, मयताला हार घालायचा फोटो, सगळं हे करतात. फोटोत खोटं मात्र करत नाहीत. बाया येऊन म्हणतात, "भाऊ, जरा गोरी करा की मला." हे म्हणतात, "हो, हो, करतो." आणि देतात जशीच्या तशी, तीळ आणि वांगासकट. मग ती बाई माझ्या अंगावर येते. मी म्हणते, अहो, करायचं नव्हतं तर नाही म्हणायचं ना! त्यावर नुसतं हसायचं. गावात म्हणतात, ज्योतीरामचा फोटो म्हणजे आरसा. म्हणू देत. त्या आरशापायी शिव्या मी खाते.

हल्ली लग्नाच्या ऑर्डरी तुटायला लागल्या होत्या. फोन आला की पहिला प्रश्न, "ड्रोन हाय का?" तारीख काय, मांडव कुठं, ते सगळं मागून. आमच्या पट्ट्यात जमिनी कंपन्यांना गेल्या, पैसा आला, आणि पैशामागून लोकांची अक्कल कुठं गेली कोण जाणे. नवरदेव जेसीबीच्या बकेटमध्ये बसून काय येतो, त्याच्यावर गुलाल काय ओततात, नवरी रंगीत धुरातून खोकत खोकत काय चालते, आणि हे सगळं म्हणे आभाळातून शूट करायचं. शी! वरून दिसतात काय, तर पाव्हण्यांची टकलं आणि मांडवामागं उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग. पण लोकांना पाहिजे म्हणजे पाहिजे.

मग परवडेल असा ड्रोन घ्यायचं ठरलं. मला बघायला आले तेव्हा पोह्याची बशी रिकामी व्हायच्या आत ह्यांनी होकार दिला होता. ड्रोन बघायला दिवाळीला बसले ते गुढीपाडव्यापर्यंत उठले नाहीत. जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल. त्यात ती दाढी कोरलेली पोरं "हॅलो दोस्तो" करून किंचाळायची. खोकं उघडायला अर्धा तास, ड्रोन उडवायचा मिनिटभर, आणि प्रत्येक ड्रोन आपला झकास! फुकट मिळालेल्या वस्तूला कोण वाईट म्हणणार? ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

शेवटी चिंचवडच्या एका दुकानात गेलो. तिथल्या सेल्समननं अंगावर सेंट इतका ओतला होता की मी पदर नाकाला लावला. त्यानं आधी एक खेळण्यातला काढला. खोक्यावर चकचकीत अक्षरात 'फोर के' लिहिलेलं. हे म्हणाले, "ह्यानं काढलेलं काही दाखवा." दाखवलं, तर झाडावर कुणीतरी चुन्याचं बोट फिरवल्यासारखं. वर चित्र असं हलतंय की बघणाऱ्याला गाडी लागावी. फसवायचं ते किती उघडं फसवायचं! ह्यांनी तो गुपचूप बाजूला सारला.

दुसरा होता तळहाताएवढा, हलका. बॅटरी बेताची, वाऱ्यापुढं कच्चा, पण कॅमेरा असा टांगलेला की ड्रोन हलला तरी चित्र हलत नव्हतं. तिसरा भारीतला. सेल्समन त्याचीच आरती ओवाळायला लागला. "सर, हाच घ्या. समोर झाड आलं की स्वतः थांबतो. रेड झोन आला की मोबाईलवर वाजतो आणि उडतच नाही."

मी म्हणलं, "रेड झोनमध्ये लोकांनी तीन तीन मजले चढवलेत, ह्यालाच काय धाड भरली न उडायला?"

आमच्याकडं रेड झोन म्हणलं की एकच कळतं. लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोभोवतीची जमीन, जिथं घर बांधायला बंदी आहे. दुसरा कुठला रेड झोन असतो हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला सांगूनही पटायचं नाही.

सेल्समननं हिरड्या दाखवल्या. "मॅडम, तो वेगळा. हा ड्रोन उडवायला मनाई असलेला भाग."

ह्यांनी मधल्या ड्रोनवर बोट ठेवलं. "ह्याला कळतं का ते?"

"नाही सर. ह्याला झोनबिन काही कळत नाही. आपणच आधी सरकारी नकाशा बघायचा."

"मग हाच द्या," हे म्हणाले. एवढे महिने घालवून घेतला तो हा, वाऱ्यानं उडून जाईल असला.

ड्रोन आल्याचा वास पहिला लागला तो अर्जुनराव दाजींना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रंभाताईचे, यजमान. ह्यांचे साडू. धंदा जमिनीचे तुकडे पाडून विकायचा. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात बैल बांधावा एवढी जाड साखळी. वाढदिवसाला चौकाचौकात स्वतःचाच फ्लेक्स लावतात आणि खाली स्वतःलाच शुभेच्छा देतात. आले, खुर्चीत पसरले, चहा बशीत ओतून फुर्र करून प्याले आणि म्हणाले, "ज्योतीराम, आपल्या नव्या प्लॉटिंगचं वरनं शूटिंग करायचंय. घरचंच काम हाय." घरचं काम म्हणजे फुकट, हे मराठीत सगळ्यांना कळतं.

"हो, हो, करू की," हे म्हणाले.

ह्या प्लॉटिंगमध्येच आमच्या शेजारची शमीम जागा घेणार होती. तिचा नवरा रहिमान, आमच्या स्टुडिओला लागून त्याचं दुचाकीचं गॅरेज. कष्टाळू माणूस, हाताचं ग्रीस कधी सुटलं नाही. पण बिचाऱ्यांना सारखी खोली बदलायला लागायची. नाव ऐकलं की घरमालकांची खोली नेमकी कालच गेलेली असते. असल्या घरमालकांच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं मला. मिळाली तरी भिंतीला खिळा मारायचा नाही, ही अट. शमीम मला म्हणायची, "जयमालाताई, मला बाकी काही नको. स्वतःच्या भिंतीला एक खिळा ठोकायचाय." आयुष्यभराची सगळी पुंजी आणि माहेरच्या बांगड्या त्या एका गुंठ्यात जाणार होत्या. गेलं तर परत काही उभं राहणार नव्हतं.

शूटिंगला मीही गेले होते. उघडा माळ, त्यावर फक्कीच्या रेघा, प्लास्टिकच्या पताका आणि पत्र्याची कमान. दाजींनी हुकूम सोडला, "हिकडनं घे. कमान, रस्ता, डोंगूर. मागच्या अंगाला कॅमेरा फिरवू नको, उकिरडा हाय. डुकरं दिसतील."

"हो, हो."

पण ड्रोन पडला हलका. मधेच वारा सुटला आणि तो तिरपा होत त्याच मागच्या अंगाला गेला. ह्यांनी कसाबसा परत आणला. घरी येऊन हे तेवढाच तुकडा पुढं-मागं करत बसले. मी वाकून बघितलं. बाभळी, त्यांच्यामागं तारेचं कुंपण आणि एक उंच मचाण.

"काय बघताय एवढं? डुकरंसुद्धा नाहीत त्यात."

"व्हय," हे म्हणाले, "डुकरं न्हाईत." आणि मोबाईल बंद केला.

पुढं फिल्म झाली, दाजींना पाहिजे तशी. मागं बासरी, वर 'निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर'. मला वाटलं, झालं, लोकांना गोरं न करणारा माझा नवरा साडूच्या उकिरड्याला मात्र पावडर लावून मोकळा झाला. त्या दिवशी मला त्यांचा खरोखर वीट आला. आणि शमीम ती फिल्म मोबाईलवर सारखी बघायची आणि म्हणायची, "ज्योतीरामभाऊंनी काढलंय म्हणल्यावर खोटं कसं असंल?"

रविवारी माळावर बुकिंगचा सोहळा ठेवला होता. मांडव, खुर्च्या, फेटे, द्रोणातून तुपाळ शिरा. तूप कसलं, डालडाच तो. दाजी माईक हातात धरून एकेकाचं नाव पुकारत होते. मोठा टीव्ही लावला होता, त्यावर ड्रोन उडतानाच प्लॉट दाखवायचे होते. शमीम नवी ओढणी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती, पर्स छातीशी धरून. रहिमानभाई शेजारी, शिऱ्याला हात न लावता.

ह्यांनी ड्रोन जमिनीवर ठेवला. बटण दाबलं. ढिम्म. परत दाबलं, ढिम्म. लोक हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे उठले, दाजींपाशी गेले आणि नेहमीच्या गरीब आवाजात म्हणाले, "अर्जुनराव, उडत न्हाई. हितं रेड झोन दावतंय."

दाजींचा चेहरा पांढऱ्या बुटांपेक्षा पांढरा झाला. माईक हातात आहे हेही विसरले. "गप! हळू बोल की! कुणी सांगितलं तुला? समदं न्हाई रेड झोनमधी, मागचेच प्लॉट हायेत. त्यातला एक त्या रहिमानच्या गळ्यात मारायचाय, त्याला काय कळतंय!"

आवाज चारी कर्ण्यांतून माळभर गेला. मांडवातल्या सगळ्या माना दाजींकडं वळल्या.

"मी ड्रोनचा रेड झोन म्हणत हुतो," हे खाली बघून म्हणाले. "उडवायला मनाई असती, त्यो."

रहिमानभाईंनी शिऱ्याचा द्रोण खुर्चीखाली ठेवला. शमीम उठली. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती दाजींसमोर जाऊन एवढंच म्हणाली, "कळतं आम्हाला पण." पर्सची चेन लावली आणि कमानीतून बाहेर चालू पडली. मग बाकीचे उठले. कुणी दाजींची कॉलर धरली, कुणी आगाऊ दिलेलं टोकन मागायला लागलं, फेटे सुटले, शिरा पायदळी गेला. दाजी गर्दीतून ह्यांच्यावर ओरडत होते, "तुझ्या त्या भंगार मशीनला आग लाव!"

"हो, हो," हे म्हणाले.

घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "जेवता-झोपता मोबाईल बघून महिनोन्‌महिने निवडलंत ते हे? ऐनवेळी उडेना! आणि तो हिरड्या दाखवणारा तर म्हणाला होता, ह्याला झोनबिन कळत नाही. मग दावलं कुठनं?"

हे ड्रोनवरची फक्की फडक्यानं पुसत होते. "दावलं न्हाई."

"मग उडला का नाही?"

ह्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

मी खुर्चीत बसले.

"त्या अंगाला डुकरं न्हवती," हे म्हणाले. "दारूगोळ्याच्या डेपोचं पहाऱ्याचं मचाण हुतं. पण मी कसं बोलणार? तुझ्या ताईचं घर हाय ते. साडूनं साडूला चारचौघांत खोटं पाडायचं असतं व्हय? आन् नुसतं रहिमानभाईंच्या कानात सांगितलं असतं तर बाकीचे फसले असते. म्हणलं, अर्जुनरावांचं अर्जुनरावांनाच बोलू दे."

"मला तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी समद्या चाकणला कळलं असतं." एवढं बोलून वर हसले. खरंच होतं ते.

शमीमचं घर काही झालं नाही. पुंजी वाचली, एवढंच. आता परत खोली शोधतेय आणि परत नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते. बघून जीव जळतो, आणि दाजींचा फ्लेक्स तेवढा चौकात अजून दात काढून उभा आहे.

दोन दिवसांनी रंभाताईचा फोन आला. रडत होती, दाजींनी घर डोक्यावर घेतलं होतं. सगळा राग तिनं ड्रोनवर काढला. "काय गं जयमाला, एवढं भंगार घेतलंच कशाला तुमी? चांगला महागातला घ्यायचा की! त्या मशीनपायी आमचं वाटोळं झालं बघ!"

मी समोर बघितलं. हे एका बाईचा फोटो काढत होते आणि ती म्हणत होती, भाऊ, जरा गोरी करा की.

"हो, हो, करतो," हे म्हणाले.

"व्हय गं ताई," मी फोनमध्ये म्हणलं. "स्वस्तातला माल. कवा काय बोलंल, नेम न्हाई."