मळीच्या वासात राहणारे फादर

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं आणि मला जायला घर नव्हतं, म्हणून मी राहात्याकडे निघाले. बहात्तरच्या आसपासची गोष्ट. मी पुण्यात डॉक्टरकी शिकत होते. शाळेत मला लॅटिन शिकवणारे गोव्याचे फादर राहात्याजवळच्या मिशनमध्ये एकटेच राहत.

पुण्याहून एसटीने नगर, तिथे गाडी बदलायची. स्टँडवर भजी खाऊन घेतली ते बरं केलं, पुढे रस्त्याने नुसती धूळ. राहुरीनंतर ऊस लागला आणि साखर कारखान्याने ओढ्यात सोडलेल्या मळीचा वास भप्पकन आला. मी नाकाला पदर लावला.

शेजारची बाई हसली. "नवीन हाय व्हय? चार दिसांत नाक मरतंय, मग काय न्हाई!"

फादरांनी दारातच मला जवळ घेतलं. त्यांच्या श्वासाला गोडसर, कुबट वास होता. तो मळीचा नव्हता. वॉर्डात नुकताच हुंगलेला वास मी कशी विसरेन?

संध्याकाळी ऊसतोडीची माणसं ओट्यावर आली. फादर त्यांच्या जखमांना मलम लावत आणि ती त्यांना खेटून गप्पा मारत. ती गेल्यावर फादरांना आमचा जुना खेळ आठवला: शब्द एक, भाषा अनेक.

"आज ओढ्याच्या सन्मानार्थ शब्द, दुर्गंधी! लॅटिन फेटोर, इटालियन फेतोरे, आमच्या पोर्तुगीजमध्ये फेदोर, स्पॅनिशमध्ये एदोर. इंग्रजीत?"

"फीटर," मी म्हटलं. "हल्ली फक्त डॉक्टर वापरतात."

"कशासाठी?"

मी जेवणाचं निमित्त करून उठले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी चहा देताना मात्र सांगून टाकलं. "फादर, यकृत निकामी होत आलं की श्वासाला जो वास येतो, त्याला फीटर म्हणतात. तुमच्या श्वासाला येतोय. पुण्याला चला माझ्याबरोबर."

त्यांनी कप खाली ठेवला. "इथे कुणालाच कसा आला नाही?"

"इथे सगळ्यांची नाकं मेलीत."

"मग बरंच आहे," ते म्हणाले. "शेवटपर्यंत जवळ बसतील."

हट्टाला पेटले ते पेटलेच. माझा जीव तुटत होता, तरी मी एकटीच एसटीत बसले. वसतिगृह अजून रिकामंच होतं. उन्हाळ्याआधी ते गेल्याचं कळलं.

तुम्ही राहात्याला जाल तर ऊस आणि रस्ते बघाल. माझ्याबरोबर तिथून एक सवय आली. त्या वासाचा पेशंट आला, की मी माझी खुर्ची त्याच्याजवळ ओढते.