गेत्सलचे दोन ठोके

झालेस्कमध्ये कोंबडा आरवायच्या आत गेत्सलची लाकडी हातोडी खिडक्यांवर पडायची. ठक, ठक, ठक. उठा, प्रार्थनेला चला! शेजारची त्सिपेकाकू आतून करवादायची, "मेल्या, तुला झोप नाही तर आम्हाला तरी झोपू दे!" गेत्सल हसून म्हणायचा, "देवाकडे तक्रार कर काकू, मी हुकमाचा ताबेदार."

गावात कुणी वारलं, तर मात्र दोनच ठोके. मग कुणी करवादत नसे. भट्टीतला पाव तसाच टाकून माणसं रस्त्यावर यायची, कारण मयताला सगळ्यांनी जायचं अशी ज्यूंची रीतच होती.

जर्मन येऊन वर्ष उलटलं होतं. नदीपलीकडच्या गावातल्या सगळ्या ज्यूंना रानात नेऊन गोळ्या घातल्या, हे झालेस्कला कळलं होतं. ऑक्टोबरातल्या एका पहाटे गेत्सलच्या दारात पोलीस उभे राहिले. त्याची बायको फ्रुमेट चुलीपाशी होती. एकाने तिच्या पाठीला बंदूक लावली. दुसरा म्हणाला, "रोजच्यासारखा ठोकत चल. सगळे बाजारात जमले पाहिजेत. एक शब्द बोललास, तर ही गेलीच समज."

गेत्सलने हातोडी उचलली. बोलायला बंदी, पण हात तर आपला आहे! गावात साधं कुणी आजारीसुद्धा नाही. मग मरणाचे ठोके पडतात म्हणजे काही घात आहे, हे लोक ओळखतील आणि परसातून नदीकडे पळतील.

ठक, ठक. पुढचं घर. ठक, ठक. मागून चालणाऱ्या पोलिसाला त्यातलं काय कळणार! पळा रे बाबांनो, पळा, असं गेत्सल मनातल्या मनात ओरडत होता.

वेडा रे वेडा! जन्मभर ज्या ठोक्यांनी माणसं बाहेर काढली, त्याच ठोक्यांनी ती पळतील कशी?

दारं भराभर उघडली. म्हातारे काळे कोट चढवून आले, बाया पोरांना कडेवर घेऊन आल्या. त्सिपेकाकू पिठाच्या हातांनी डोक्याचा रुमाल बांधत पुढे आली.

"कोण गेलं रे?"

गेत्सलच्या डोळ्यांना धार लागली होती. काकूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अगं बाई! आपली फ्रुमेट?"

गेत्सलला नाही म्हणता येईना. काकूने त्याला पोटाशी धरलं. "रडू नकोस लेकरा, आम्ही आहोत ना सगळे," असं म्हणत तीच हमसून हमसून रडायला लागली. पोलिसाने बंदुकीने बाजाराकडे खूण केली. गेत्सल चालू लागला, आणि फ्रुमेटसाठी रडत सगळं गाव त्याच्या मागे निघालं.