तुळशीतली वायर

आई सकाळी म्हणाली, "अगं, तुळशीला पाणी घालताना हाताला मुंग्या येतात." हातातला चहा तसाच ठेवून मी गॅलरीत गेले. गच्चीवरून आलेली हिरवी वायर कुंडीच्या ओल्या मातीत खुपसलेली होती.

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टीव्हीची छत्री आहे. तिच्या केबलला हात लागला की झटका बसायचा. छत्री बसवणाऱ्याला अर्थिंगचं विचारलं, तर म्हणाला, "कोन करतंय मॅडम? काय होत नाय." भांडून त्याच्याकडून ती हिरवी वायर जोडून घेतली. तिचं दुसरं टोक चार मजले खाली नेऊन, जमिनीत सळई ठोकून तिला बांधायचं होतं. मी बाबांना सेक्रेटरीकडे विचारायला धाडलं. तो नाही म्हणाला, कारण भिंतीला नवा रंग दिलाय. रंग! त्याच्या एसीचे पाइप त्याच भिंतीवरून गेलेत, ते कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत.

आणि बाबांनी, जन्मभर बाजारात पोती वाहिलेल्या माणसाने, मला न विचारता हा उद्योग करून ठेवला होता.

"कुंडी फरशीवर आहे बाबा! करंट जाणार कुठं? आईच्या ओल्या हातात!"

"वरडू नगंस. माती गावची हाय, मीच पोत्यातनं आनलीया. जिमिनीत घाल म्हनलीस, घातली."

मी आणखीच ओरडले. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तीनदा गेल्तो सायबाकडं. हात जोडलं. त्यो न्हाईच म्हनला."

मी एकदाही गेले नव्हते. सोसायटीत वाईटपणा कोण घेणार? म्हणून म्हाताऱ्या बापाला पुढे केलं होतं. मला माझीच एवढी चीड आली की कुंडी उचलून आपटावीशी वाटली.

टीव्हीचा प्लग उपटला, वायर कुंडीतून ओढून खाली सोडली, सळई आणि हातोडा घेऊन खाली गेले. दोन घाव घातले तोच सेक्रेटरी खिडकीत आला. "मॅडम, परमिशन घेतली का?"

"नाही घेतली! तुमच्या रंगापायी माझ्या आईने मरायचं का?"

सगळ्या खिडक्या उघडल्या. उघडू देत.

बाबा तुळशीचा तांब्या घेऊन खाली आले. "सळईच्या बुडाला पानी पायजे," म्हणत ओतू लागले. हे मात्र त्यांचं बरोबर होतं. सेक्रेटरी वरून ओरडतच होता. बाबांनी मान वर केली आणि हात जोडायला तांब्या खाली ठेवू लागले.

"ठेवायचा नाही," मी म्हणाले.