तापात घेतलेला संन्यास

माझ्या वडिलांचा दिवाणी मृत्यू माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि त्यानंतर चारच दिवसांनी त्यांचा ताप उतरला.

आमच्यात मरणोन्मुख माणसाला आतुर संन्यास देण्याची चाल होती. शेंडी कापायची, जानवे उतरवायचे, सर्वत्यागाचे वचन त्याच्या तोंडून वदवायचे. मग तो मोकळा होऊन मरतो अशी समजूत. मरणारे मरत होते, म्हणून ही चाल कोणाला अडचणीची वाटली नव्हती. वडील मात्र जगले. आणि शास्त्र असे की, बरा झालेल्यानेही संन्यास सोडता कामा नये. घर, शेत, पत्नी, पुत्र, नाव, यांतले काहीही त्याचे उरत नाही; कायद्याच्या भाषेत हाच दिवाणी मृत्यू. ज्या उपाध्यायांनी तो विधी उरकला त्यांनीच मला बजावले, "आता अण्णा म्हणू नका. स्वामी म्हणा."

मी तेव्हा जालन्याच्या अदालतीत वकिली करीत असे. मी क्षेत्रोक्षेत्रीच्या शास्त्र्यांना पत्रे लिहिली. बुद्धी ठिकाणावर नसताना दिलेले वचन जगातल्या कुठल्या न्यायासनापुढे टिकते, असा माझा सरळ प्रश्न होता. उत्तरे आली ती आशीर्वादांची. मुद्द्याला एकानेही हात घातला नाही, आणि याचा संताप मी आजही आवरू शकत नाही. वडील पिंपळगाव रेणुकाईत, आमच्याच गावी, देवीच्या देवळाच्या ओवरीत राहू लागले. आई कुंकू लावीत होती. पण तिला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, यावर शेजारच्या बायका कुजबुजत असत.

इथवर तो अन्याय होता. निजामी अमलाच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याची भीती झाली. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. एका दुपारी हसनाबादेच्या बाजूला धूर दिसला आणि आमच्या गल्लीतली दारे दिवसाउजेडी बंद झाली. हद्दीपलीकडे, वऱ्हाडात, मामांचे गाव होते. पहाटे गाडी जुंपायची असे ठरले. प्रश्न उरला तो ओवरीतल्या म्हाताऱ्याचा. देऊळ गावाबाहेर, एकटे. तिथे त्यांना सोडून जाणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

संध्याकाळी मी गेलो. आई बरोबर आली, पण रिवाजाप्रमाणे पायरीखालीच थांबली.

"अण्णा, उद्या आमच्याबरोबर चला."

"इथं कोणी अण्णा नाही, वकीलसाहेब." ते पूर्वी मला कधी असे म्हणत नसत.

"तो संन्यास बेकायदा आहे. तुम्ही तापात बरळत होता."

"बरळत होतो खरं. ऐकत होतो ना मी."

"म्हणजे?"

"तोंड बरळत होतं. मन कुठं कुठं भटकून राह्यलं होतं. ते सगळं कोणीतरी ऐकत होतं. जो ऐकत होता त्याला ताप नव्हता. वचन त्यानं दिलं. आता करा अपील."

बाहेर कुठेतरी घोड्याच्या टापा वाजल्या आणि मी खांब धरला.

"भ्यालात?"

"हो."

"कुठं वाटतंय?"

"पोटात. गुडघ्यांत. माझ्या घशाला कोरड पडली आहे आणि तुम्ही मला उलटतपासणीत उभे करता!"

"पोट कळलं, गुडघे कळले, भीतीही कळली. मंग ज्याला हे कळलं तो यातला कोणता?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. एवढे आठवते की, त्या क्षणी मला टोळीपेक्षा त्यांच्या शांत चेहऱ्याची भीती अधिक वाटली. हा माणूस माझ्या बापाच्या आवाजात बोलत होता, आणि माझा बाप त्यात कुठे सापडत नव्हता.

खालून आईचा आवाज आला. ती त्यांच्याशी थेट बोलू शकत नव्हती, म्हणून मला उद्देशून मोठ्याने म्हणाली, "तुझी वकिली बस झाली. स्वामींना सांग, उद्याची भिक्षा हद्दीपल्याड माझ्या भावाच्या घरी आहे. मी वाढणार न्हाई, भावजय वाढंल. आणि विचार त्यांना, तो जो कोणी ऐकत असतो, त्याचं सोड. देहाला भूक लागती का न्हाई अजून?"

मग वडील म्हणाले, "भिक्षेला गाडीतून जात नसतात."

पहाटे आमची गाडी निघाली आणि हाकेच्या अंतरावर मागून ते चालत निघाले. मी पाठमोरा बसून त्यांच्याकडे पाहत होतो. वळण आले की ते दिसेनासे होत आणि पुन्हा दिसेपर्यंत मी त्या वळणावरून नजर काढत नसे. आईने एकदाही मागे पाहिले नाही. माझ्या तोंडावरून ती सगळे वाचत होती. हद्द दिसू लागली तेव्हा मागून तीन घोडेस्वार आले. आमच्यात आणि त्यांच्यात तेवढा एकच म्हातारा होता. स्वार वडिलांजवळ थांबले. एकाने बंदुकीच्या नळीने त्यांची छाती ढोसली. आमच्या गाडीवानाने बैल पिटाळले; मी त्याला थांब म्हणालो नाही.

मामांच्या गावी आम्ही वेशीवर उभे राहिलो. वडील आले, ऊन चढल्यावर, तसेच चालत.

"काय विचारलं त्यांनी?" मी म्हणालो.

"नाव. गाव. कोणाचा कोण. आता काय सांगणार? मला यातलं काहीच नाही, असं म्हणालो. वेडा समजून हसले आणि परत फिरले."

"आणि भीती?"

"होती की. पाय तर असे लटपटत होते, मी पाहतच राहिलो."

मामांच्या ओसरीवर मामीने भाकरी वाढली. घास उचलताना वडील स्वतःच्या हाताकडे, दुसऱ्या कोणाच्या हाताकडे पाहावे तसे, पाहत होते. दाराआड आई उभी होती.

तो विधी अवैध होता, हे माझे मत आजही कायम आहे आणि त्याविषयी मी अजून पत्रे लिहितो. परंतु आता माझे वय त्यांच्या तेव्हाच्या वयाइतके झाले आहे. ताप चढतो, जीभ जड होते, मी काहीबाही बोलतो असे सून सांगते. अशा वेळी मी कान देऊन पाहतो, आत कोणी ऐकत आहे का. कधी वाटते, आहे. कधी नुसताच ताप असतो, आणि मग मी सुनेला हाक मारून दिवा लावायला सांगतो.