पाठीवरचे पट्टे
“हबीबी, हा एसीचा डक्ट आहे की हत्तीचा सदरा?” शारजाच्या वर्कशॉपमध्ये आमचा वसईकर फोरमन असा ओरडला की अजमानचे उंट दचकून उठले. नवा पत्रा कापल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. एरवी साहेबांच्या ड्रॉइंगबाहेर पत्रा बोटभरही वाकवायची सोय नाही, पण त्या सुट्टीच्या दिवशी मी भंगार पत्र्यातून थेट मनातलं चिलखत घडवत होतो. खांद्यांवर गरुडाचे पंख, ऑगस्टात ड्रॅगनशी लढतानाही सरदाराला घाम येऊ नये म्हणून छातीवर हवेच्या जाळ्या, आणि तलवार एवढी लांब की मूठ माझ्या हातात नि टोक हमरियाच्या बंदरात! संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर रत्नागिरीतल्या माझ्या मुलाला ते घालून दाखवायचं होतं. खोलीवर आल्यावर कळलं, पट्टे मी पाठीवर लावलेत, माझे हात तिथवर पोचत नाहीत आणि खोलीत दुसरं माणूस नाही. मग चिलखत एका हाताने छातीशी धरून मी गर्जना केली. “बाबा, वळून दाखवा की,” पोरगा म्हणाला. वळलो. “मागून उघडंच आहे.” “अरे, सरदाराचे पट्टे त्याचा सेवक बांधतो,” मी ठोकून दिलं. त्यावर पोरगा लगेच म्हणाला, “मग बोलवा ना त्याला.”